दिराची संजीवनी

माझा धाकटा दीर म्हणजे कर्नाळ्याला गेला तरी पायथ्याशी वडापाव खाऊन परतणारा गडी. तोच महागडे बूट घालून हिमालयात जाऊन आला आणि करंजाड्याच्या आपल्या फ्लॅटवर न जाता थेट कामोठ्याला, आमच्याकडे आईसमोर येऊन बसला. पिशवीतून मुळासकट उपटलेलं अर्धमेलं रोपटं काढून म्हणाला, "आई, संजीवनी हाय. काढा करून पी. गुडघ्याच्या गोल्या बंद कर."

सासूबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. यानं जमीन विकली, गाडी घेतली, पण आईसाठी काही घेऊन आलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भिंग आणलं. इवली केसाळ पानं एकमेकांना चिकटून गादी झालेली, देठ जवळजवळ नाहीच. फुलं शर्टाच्या बटणाहून लहान, गुलाबी, पाच पाकळ्यांची, मधोमध पिवळं कडं. अँड्रोसेस. उंचावर खडकांच्या फटीत जमिनीला धरून राहणारं फूल. मराठीत त्याला नाव नाही, कारण आपल्याकडे ते उगवतच नाही. एवढी मूठभर गादी व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि या शहाण्यानं ती फोटो काढून झाल्यावर उपटली.

"भावजी, बाजारात संजीवनी म्हणून विकतात तिला फूलच येत नाही," मी म्हटलं. "हे वेगळं आहे. यानं गुडघा बरा होत नाही."

"वहिनी, तुमी पुस्तकं वाचता. आमी वर जाऊन आलो."

उथळ पाण्याला खळखळाट फार. रागावण्याच्या लायकीचाही मला तो वाटला नाही. सासूबाईंना मात्र परोपरीनं सांगितलं, गोळ्या सोडू नका. त्यांनी सोडल्या. काढा प्यायच्या आणि भिंत धरून चालायच्या.

पुढच्या रविवारी स्वारी ट्रेकचे मित्र घेऊन हजर. "आई, सांग यांना, गुडघा कसा हाय?"

सासूबाई खुर्चीच्या दांड्याला हात न लावता उठल्या. आत गेल्या, चहा केला, ट्रे स्वतः बाहेर नेला. "बरा हाय आता," म्हणाल्या. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की कपातला चहा त्याच्या बुटांवर ओतावासा वाटला.

मंडळी गेली. सासूबाई दाराला टेकून हळूहळू खाली बसल्या, घामाघूम.

"गोली दे गो," त्या म्हणाल्या. "आन त्याला काय सांगू नको."