दारातली पोलीस गाडी

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ हाताळले, पण अजून मनातून जात नाही ती नाशिकजवळच्या अंबडमधली एक साधी घरझडती.

ठाण्याच्या लँडलाइनवर निनावी खबर आली, की अमुक चाळीत एकाने गावठी कट्टा लपवलाय. त्या माणसाचं नाव आमच्या रेकॉर्डवर होतं. तरुणपणी मारामारीत एकाचं डोकं फोडून शिक्षा भोगून आलेला. आता कंपनीत लेथवर काम करायचा. एका घटस्फोटित बाईशी त्याने लग्न केलं होतं, आणि तिची चौथीतली मुलगी त्यांच्याजवळ राहायची. आम्ही डायरीत नोंद केली, पंच घेतले आणि पिठाच्या डब्यापासून मुलीच्या दप्तरापर्यंत सगळं धुंडाळलं. काही सापडलं नाही. पुढे तशीच दुसरी खबर, तशीच झडती आणि पुन्हा हात हलवत परत.

मग कौटुंबिक न्यायालयाने अहवाल मागवला. मुलीच्या वडिलांनी ताब्यासाठी अर्ज केला होता. सावत्र बाप गुन्हेगार, दारात सारखे पोलीस, असं त्यांचं म्हणणं. सोबत झडतीचे फोटो.

सावत्र बापाला बोलावलं. बाकावर बस म्हटलं तरी तो जमिनीवरच बसला. जेलची सवय लवकर सुटत नाही.

"साहेब, माझ्यामुळं पोरगी जाणार असंल तर मी वेगळी खोली घेतो," तो म्हणाला.

बायको फणकारली, "कशाला? यांची केस मला लग्नाआधीच माहीत होती. यांनीच सांगितली."

मी फोटो पुन्हा पाहिले. एकात आमची गाडी नुकती गल्लीत वळत होती, कुणी उतरलंही नव्हतं. बघे पोलिसांच्या मागून जमतात. हा फोटो काढणारा आमच्या आधीच मोबाईल धरून उभा! लँडलाइनवर आलेल्या कॉलचा तपशील काढला. दोन्ही वेळा नंबर वडिलांच्या चुलतभावाचा.

वडील मनमाडला रेल्वेत होते. थोडे आढेवेढे घेऊन कबूल झाले.

"लय भ्या वाटायचं साहेब. जेलातून आलेल्या माणसाच्या घरात माझी पोर ऱ्हाती. तुम्ही काय केलं असतं?"

"काळजी होती तर कोर्टात खरं सांगायचं. खोटी खबर देणं हा गुन्हा आहे," मी म्हणालो. त्यांची भीती मात्र खोटी नव्हती, हे मला दिसत होतं. अहवालात जुनी शिक्षाही लिहिली आणि खोट्या खबराही.

तारखेला मी वर्दीत कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होतो. मुलगी आईसोबत आली. मला पाहताच तिने दप्तर खाली ठेवलं, चेन उघडली आणि पुस्तकं एकेक करून माझ्यासमोर मांडू लागली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. समोरून वडील धावत आले, "नको गं बाई, नको," म्हणत खाली बसले आणि पुस्तकं परत भरू लागले.

मुलगी आईकडे राहिली, वडिलांना भेटीचे दिवस मिळाले. जोडीदाराचा जुना गुन्हा कोर्ट डोळ्यांआड करत नाही. तो कसला होता, त्यानंतर माणूस कसा वागला आणि मुलाला त्याच्यापासून धोका आहे का, हे पाहतं. मी मात्र तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत झडतीला निघताना आधी एवढंच विचारायचो, की घरात लहान मूल आहे का.