तलवार नको, चिलखत नको

जे झालं त्याला जबाबदार आमचे बाबा. आधीच सांगून टाकतो, कारण मुलुंडमध्ये सगळे अजून सुध्याच्या मामाला शिव्या घालतात. मामा बोटीवर कामाला. त्याने परदेशातून एका खेळाची पेटी आणली, एवढाच त्याचा गुन्हा. त्याच जूनमध्ये मला डिप्लोमाची सीट मिळाली होती. मी, सुध्या आणि पक्या दर रविवारी सुध्याकडे खेळायला बसायचो आणि एक तरी किस्सा घेऊन उठायचो. किस्से साठले की नाक्यावर कोणीतरी आपलाच किस्सा आपल्याला चुकीचा सांगायला लागतो. म्हणून मीच सांगतो.

*

खेळ सोपा. सुध्या गोष्ट सांगणार: गुहा, राक्षस, पहारेकरी. आपण त्यातलं एक पात्र व्हायचं आणि काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. पक्या लढवय्या झाला. तलवार, ढाल, लोखंडी चिलखत, सगळं घेतलं. मी घेतला मंक. पेटीतल्या नियमांच्या पुस्तकात, चित्रात एक अनवाणी टकलू हवेत लाथ मारत होता.

"तलवार?" सुध्याने विचारलं.

"नको."

"चिलखत?"

"नको."

"अरे मग तुझ्याकडे आहे काय?"

"हात."

पक्या हसून लोळला. त्याला कळणार नाही. आमच्या घरात बुटांपासून कंपासपेटीपर्यंत प्रत्येक वस्तूबरोबर बाबांचं एक वाक्य फुकट यायचं: "तुझ्या वयात मला हे कोणी दिलं नाही." मंकच्या हातांवर बापाची मेहेरबानी नसते.

*

एकदा गोष्टीत आम्ही पकडले गेलो. पहारेकऱ्यांनी पक्याची तलवार काढली, ढाल काढली, चिलखत काढलं. लढवय्या बनियनवर उभा. मग सुध्या माझ्याकडे वळला आणि अडकला.

"तुझं काय जप्त करू रे?"

"बघ ना काय मिळतंय ते."

मी बुक्कीने दार फोडलं. पहारेकऱ्याने बाण मारला. मी म्हटलं, पकडतो.

"हाताने? बाण काय क्रिकेटचा बॉल आहे?" सुध्याने पुस्तक उघडलं. तिथे लिहिलेलं, मंक बाण पकडतो. त्याने परत वाचलं. मग फासा टाकला आणि बाण माझ्या मुठीत आला. शेवटी पक्या हळूच म्हणाला, "सुध्या यार, माझी तलवार ठेव तुलाच. मला पण मंक कर."

*

नाही केलं. म्हणून पक्या चिलखतासकट नदीत उतरला.

"मेलास तू," सुध्या म्हणाला.

"असा कसा मेलो?"

"लोखंड घालून कोण पोहतो? मेलास."

तेवढ्यात सुध्याची आई घावण्यांचं ताट घेऊन दारात. ती मालवणची. "मेल्यांनो, तिन्हीसांजेक मरणाच्या गजाली कित्याक करतास?"

"आई, पक्या बुडून मेला."

काकूंनी पक्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि त्याच्या बशीत एक घावन जास्त वाढलं. मी जिवंत होतो. मला एकच.

*

मंकचा एक नियम मला सगळ्यात आवडला. वरची पायरी चढायची तर त्या पायरीवर बसलेल्या गुरूला एकट्याने हरवायचं. हरला की गुरूने खाली यायचं, गुपचूप. आमच्याकडे म्हातारे रिटायर झाले तरी सोसायटीच्या कमिटीतून उठत नाहीत.

मी गुरूला हरवलं. सुध्याने स्वतः उठून माझ्याशी हात मिळवला. त्या खुशीत घरी आलो. आई म्हणाली, "कॉलेजला नवीन शर्ट शिवायचाय ना तुला?"

"काही नको मला. मंकला काय लागतं?"

बाबांनी पेपर खाली केला. "काय म्हणालास?"

"मंक झालोय मी. आता मागे फिरणं नाही."

बाबा बघत राहिले. लेक्चर दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं, झकास, म्हातारा सुधारला.

*

बाबा आमच्या बुद्धविहाराच्या कमिटीवर. त्यांच्या इंग्रजीत मंक म्हणजे एकच, भिक्खू.

पुढच्या रविवारी खेळायला निघालो तर दारात भंते, मागे अख्खी कमिटी, शेजारच्या बायका हातात फुलं घेऊन. आई पदर डोळ्यांना लावून उभी. बाबांनी मला खांद्याला धरून पुढे केलं. याआधी त्यांचा हात माझ्या कानापर्यंतच आला होता.

भंते प्रेमाने म्हणाले, "बाळ, या वाटेला यावंसं का वाटलं?"

मी काय सांगणार? खरं ते सांगितलं. "नुसत्या हाताने माणूस मारता येतो म्हणून."

एका बाईच्या हातातली फुलं खाली पडली.

भंतेंनीच विचारलं, "किती मारलेस?"

"मोजले नाहीत. सुध्याकडे खेळतो आम्ही. पेटीतला खेळ आहे."

भंते आधी हसले, मग बाबांकडे बघून थांबले. बाबा पांढरे पडले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. माझा कॉलेजचा दाखला. गुरुवारीच पालक म्हणून सही करून, ॲडमिशन रद्द करून तो काढून आणला होता.

"तुला लागणार नव्हती ना सीट," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कोणा पोराची कशाला अडवायची?"

"मला विचारायचं तरी."

"तूच म्हणालास, काही नको."

सोमवारी कॉलेजात गेलो. सीट वेटिंगवरच्या पोराला देऊन झाली होती. माझं शिक्षण बारावीवर थांबलं.