दर रविवारी गिळलेला शब्द

गाव सोडलं त्या सकाळी अण्णांनी एसटीच्या दारात उभं राहून मोठ्यानं प्रार्थना केली. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबला होता. अण्णा म्हणजे माझे वडील, आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीचे पंच. प्रार्थना आटोपती घेणं त्यांना कधी जमलं नाही. आमेन झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, "शमू, तिकडं कॅथलिक लोकं भेटतील. माणसं चांगली असतात. फक्त मरियेपुढं गुडघे टेकू नको." आई मागं उभी होती, पिशवीचे बंद हाताला गुंडाळून. मी तिचं एकुलतं एक पोर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं, आणि पुढं दुसरं झालंच नाही.

आपल्या भागातल्या तुमच्यापैकी जे नगरकडे राहिले आणि जे माझ्यासारखे चाकणच्या कंपन्यांत आले, त्यांना पुढचं बरंच माहीत आहे. शिफ्ट, ओव्हरटाइम, आधी मोशीला चौघांत एक खोली, मग चिखलीला फ्लॅट. जे माहीत नाही ते आज लिहितो. लिहिताना काही दाटून वगैरे येत नाही. येईल असं वाटलं होतं.

लुसी कॅथलिक, कंपनीच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न तिच्या चर्चमध्ये झालं. अण्णा आले, शेवटच्या बाकावर बसले आणि सगळ्यांनी गुडघे टेकले तेव्हा ताठ बसून राहिले. जेवणात मात्र त्यांनी माझ्या सासऱ्यांना गाठलं. येशूनंतर मरियेला मुलं झाली की नाही, हा वाद. कॅथलिक मानतात की ती जन्मभर कुमारीच राहिली. अण्णांचं म्हणणं, शास्त्रात येशूच्या भावांची नावं दिलीत, विषय संपला. सासरे म्हणाले, चुलत-मावस असतील, आपल्यातही त्यांना भाऊच म्हणतात. अण्णांनी पापड मोडला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो व्याही, नवऱ्याच्या घरात नांदणारी बाई कधी एका पोरावर थांबते होय?"

पंगत हसली. आई समोरच्या रांगेत होती. घास हातात तसाच धरून तिनं पानाकडं बघितलं. हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं नसणार. गावात कुणी कॅथलिक भेटला की अण्णांचं हेच चालायचं, आणि ती आत चुलीशी असायची. मीही हसलो. नवरदेव होतो.

सासऱ्यांनी उत्तर दिलं ते हळू आवाजात. वधस्तंभावरून येशूनं आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवलं, आणखी मुलं असती तर तशी वेळ का आली असती? अण्णांकडे यालाही उत्तर होतं, पण तेवढ्यात जिलबी आली.

निघताना अण्णांनी मला बाजूला घेतलं. बायकोबरोबर मिस्साला, त्यांच्या रविवारच्या उपासनेला, जा म्हणाले, पण "नित्यकुमारी" हा शब्द तोंडातून काढलास तर माझ्या मातीला येऊ नको. मिस्साच्या सुरुवातीला सगळे मिळून पाप कबूल करतात, छातीवर हात मारून घेतात, आणि त्याच प्रार्थनेत पुढं नित्यकुमारी मरियेला विनवणी येते. मी बाकी सगळं म्हणायचो. तेवढा शब्द गिळायचो. लुसीच्या ते लक्षात आलं. "दर रविवारी एक घोट घेता तुम्ही," ती चेष्टेनं म्हणायची.

अण्णा गेले. मी मातीला गेलो, मूठभर माती टाकली. आता आई एकटी. मी चुलतभाऊ सुधीरला अंगणात गाठून म्हणालो, आईकडं बघशील ना, मी आहेच. "तू नको काळजी करू भावा," तो म्हणाला, आणि संध्याकाळी त्याच्या बायकोनं आईचा पलंग त्यांच्या घरात हलवला. मी आहेच म्हणणारा मी दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला हजर होतो.

लुसीनं विचारलं होतं, आणू या का त्यांना इकडं. मी म्हणालो, तिला इथं करमणार नाही. आईला मी विचारलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली. गुड फ्रायडेला आमच्याबरोबर चर्चला आली, वधस्तंभाजवळचा तो भाग मान खाली घालून ऐकला. घरी कोरा चहा घेताना लुसी सहज म्हणाली, "आई, म्हणून तर आम्ही मानतो मरियेला दुसरी मुलं नव्हती. असती तर परक्याच्या घरी कशाला पाठवलं असतं?"

आई म्हणाली, "खरंय तुझं. दोन-चार असते तर एकानं तरी ठेवून घेतलं असतं. एकच असला की दुसऱ्याच्याच घरी जावं लागतं." मग बशीत चहा ओतत म्हणाली, "पण त्याचा नाइलाज होता गं. त्याचे हात खिळलेले होते."

आवाजात राग नव्हता. लुसीनं माझ्याकडं बघितलं नाही. मी टीव्हीचा रिमोट उचलला आणि परत ठेवला. राहा म्हणायला तीच वेळ होती.

त्यानंतरच्या एका रविवारी, आई शेजारी बसलेली असताना, तो शब्द मी म्हटला. काही झालं नाही. तोंडातून सरळ बाहेर पडला, बाकीच्या शब्दांसारखा. अडलो ते त्याच प्रार्थनेत आधी येणाऱ्या, जे करायला हवं होतं आणि केलं नाही, त्या ओळीवर. ती ओळ इतकी वर्षं घडाघडा म्हणत होतो.

डोळा बरा झाल्यावर तिला वल्लभनगरच्या स्टँडवर सोडलं. खिडकीपाशी जागा मिळाली. मी खाली उभा होतो, अण्णांसारखी प्रार्थना मला जमत नाही. पिशवीचे बंद तिच्या हाताला गुंडाळलेले होते. "जा तू," ती म्हणाली, "शिफ्ट असेल तुझी." मी बरं म्हणालो. मी त्या दिवशी रजेवर होतो.

एसटी गेल्यावर बाकावर बसून राहिलो. दुपारी सुधीरचा मेसेज आला, "आई घरी पोचली." मी तो पुन्हा वाचला. काकू नाही, आई लिहिलं होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.