खाली उतरून आलेली

प्लास्टर कापलं आणि आतून जो पाय निघाला तो बघून मी हबकलेच. काटकुळा, पिवळट, कातडी सालपटासारखी सुटलेली. गुडघ्याखाली मांस म्हणून नाहीच. मी डॉक्टरांना म्हणाले, हा माझा पाय नाही. ते हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. मी गंमत करत नव्हते. त्या पायाला बोटं हलव म्हणून मनातून सांगितलं, तर ती नुसती थरथरली. "बाई, हाड अजून नीट जुळलेलं नाही. वय झालं की वेळ लागतो. आणि थोडं लंगडणं राहील, ते धरून चाला," असं ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. एक्कावन्न म्हणजे काय वय झालं, असं मी त्यांच्या पाठीला ऐकवलं. मी मुळातच तापट, त्यात शाळेत तीस वर्षं मुलांवर ओरडून आवाजही तसाच झालेला.

मला धक्का कशाचा बसला ते सांगायचं तर पंधरा वर्षं मागं जावं लागेल. एकोणीसशे एक्कावन्न साली मी आशागडच्या शाळेत होते. सव्वीस जानेवारीच्या तयारीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधताना शिडीवरून पडले आणि डावा पाय नडगीपाशी मोडला. जवळच्या पाड्यावरच्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याने पाला वाटून लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि पडून राहायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मी भिंत धरून उभी राहिले. सहाव्या आठवड्यात शाळेत गेले, चालत. पडल्या पडल्या महालक्ष्मीला नवस बोलले होते की चैत्राच्या यात्रेला गड चढून येईन, आणि पाय चालतायत तोवर दरवर्षी येत राहीन. त्या चैत्रात गड चढले. पाय दुखलासुद्धा नाही. हे म्हणजे आमचे यजमान, रेल्वेत तिकिटं द्यायचे, ते चिडवायचे की हिचं हाड लोखंडाचं आहे. मला ते खरंच वाटायला लागलं होतं. देवीची कृपा, असं मी तोंडाने म्हणायचे, पण आत कुठेतरी श्रेय माझंच धरलेलं.

त्यानंतर पंधरा वर्षं एकही यात्रा चुकवली नाही. आणि सहासष्ट सालच्या संक्रांतीला काय झालं, तर न्हाणीघराच्या उंबऱ्याला ठेच लागली. एवढंच. शिडी नाही, काही नाही. वीतभर उंचीवरून पडले आणि तोच पाय दोन ठिकाणी मोडला. या वेळी गाडीने मोठ्या दवाखान्यात नेलं, फोटो काढला, प्लास्टर घातलं. सगळं पहिल्यापेक्षा चांगलं झालं, आणि हाड काही धरेना. मी कॅलेंडरवर दिवस मोजायचे. तेव्हा विसाव्या दिवशी उभी होते, आज चाळिसावा, अजून खाटेवरच. तेव्हा भूक लागायची, आता ताट बघून मळमळायचं. तेव्हा पडल्या पडल्या झोप लागायची. तोच पाय, तीच मी, मग देवी कुठे गेली, असं मनात यायला लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं हे खरं.

प्लास्टर निघून घरात भिंत धरून चार पावलं टाकता येऊ लागली, आणि चैत्र पौर्णिमा जवळ आली तसा माझा धीर सुटला. नवस मोडला तर पाय कायमचा जाईल, हे मी कुणाशी बोलले नाही, पण डोक्यात पक्कं बसलं होतं. यांनी बाजारातून काठी आणली होती, वर गोल मूठ असलेली. ती मी कपाटामागे टाकून दिली. काठी घेतली की म्हातारी झाले, हे दुसरं पक्कं. यांना म्हणाले, "अहो, गडाखालच्या देवळात नुसतं दर्शन घेऊन येते. हंसाबेन आहेत बरोबर." हंसाबेन म्हणजे शेजारच्या, गुजराती, रोज सकाळी माझ्या पायाला तेल चोळून द्यायच्या. यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाले, "अगं, दर्शन घे आणि सरळ परत ये." मला ओळखून होते.

एसटीतून उतरताना हंसाबेन म्हणाल्या, "लाकडी घेऊन आल्या असत्या ने, बेन." काठीचं ते बोलणं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. देवळात ओटीच्या रांगेत त्यांना उभं केलं, पाणी पिऊन येते म्हणाले आणि गडाच्या बाजूला जाणाऱ्या एका बैलगाडीत चढून बसले. एवढ्या भल्या बाईला मी फसवलं. तेव्हा त्याचंही काही वाटलं नाही.

गडाची पहिली चढण मी ओठ दाबून चढले. दहा पावलं टाकायची, थांबायचं. ऊन डोक्यावर आलेलं, सकाळचे चढणारे बहुतेक वर पोचलेले. पाव चढण झाली असेल नसेल, डावा पाय गुडघ्यातून असा वळला की मी तिथल्या दगडावर बसलेच. उठायला गेले तर उठवेना. मी दोन्ही हातांनी तो पाय उचलून पुढे ठेवला, तर तो ठेवला तिथेच राहिला. दोन-तीन माणसं बाजूने गेली, त्यांनी विचारलं, मी म्हणाले, जरा दम खातेय, तुम्ही व्हा पुढे. मग कुणी येईना. वर जाता येत नाही, खाली उतरता येत नाही, घरी कुणाला ठाऊक नाही. माझ्या हाताने मी ही वेळ आणली, आणि आता इथून मला उचलून न्यावं लागणार, हे कळलं तेव्हा मी लहान मुलासारखी रडले. देवीलाही बोलले. तुला भेटायलाच येत होते ना मी, मग पाय का काढून घेतलास.

तेवढ्यात वरून एक बाई उतरताना दिसली. वारली म्हातारी, गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली, हातात बांबू. तिची चाल बघून मी रडायची थांबले. उजवा पाय बाहेर फेकून, कमरेतून हिसका देऊन ती चालत होती. माझ्यासमोर येऊन तिने टोपली खाली ठेवली.

"कठं चाललीस, बाय?"

"वर."

"वर कोन हाय?"

"देवी."

ती माझ्याकडे बघतच राहिली, जसं मी काहीतरी वेड्यासारखं बोलले. "देवी त कवाची खाली आली. तू वर कोनाला भेटाया चालली?"

तिच्या पायाकडे बोट दाखवून मी विचारलं, काय झालं होतं. झाडावरून पडले, म्हणाली. मी विचारलं, बरा कधी झाला? मास्तरणीचा प्रश्न, दिवसांच्या हिशेबातला. ती हसली. दात दोनच होते.

"बरा झालेला हाय तो. आता असाच रहल."

तिने तिचा बांबू माझ्या हातात दिला, माझा दुसरा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवून घेतला, टोपली डोक्यावर चढवली आणि मला उठवलं. तिची ताकद काय होती म्हणून सांगू. पण ती ओढत नव्हती. माझं पाऊल पडेपर्यंत थांबायची, मग तिचं टाकायची. मी घाई केली की नुसती उभी राहायची. तिचा उजवा आणि माझा डावा, अशा दोन वाकड्या पायांनी आम्ही तो उतार उतरलो. किती वेळ लागला ठाऊक नाही. त्या वेळी पहिल्यांदाच मी वेळ मोजत नव्हते.

पायथ्याशी मला गाडीत बसवून देताना ती बांबू परत घेईना. मी गाडीवानाशी बोलून मागे वळले तोवर ती गर्दीत कुठे गेली ते कळलं नाही. नाव विचारायचं राहून गेलं. गाडीवान म्हणाला, इकडच्या पाड्यांवरच्या कितीतरी बाया मोहाला येतात. असेलही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही.

देवळाशी हंसाबेन रडवेल्या होऊन उभ्या होत्या. त्या एक शब्द रागाचा बोलल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. मी त्यांचे हात धरून माफी मागितली. मग बांबू टेकत आत गेले आणि देवीसमोर उभी राहिले, आणि तिथे मला जो धक्का बसला तो प्लास्टर कापल्याच्या दिवसापेक्षा मोठा होता. या देवळाची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गड चढणारी एक गरोदर बाई वाटेत कोसळली. देवीला तिची दया आली. म्हणाली, तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून हे खालचं देऊळ. ही गोष्ट मी दर चैत्रात चौथीच्या वर्गाला सांगत आले होते. पंधरा वर्षं. आणि त्याच देवळावरून, तिच्याकडे पाठ करून, मी गड चढायला गेले होते. जिला वर येता येत नव्हतं तिच्यासाठी ती उतरली होती, आणि मी मात्र तिला वर शोधत होते. मी तिथेच बसले आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

काय नवस बोलले होते ते सांगून, आता त्याचं काय, असं पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, बाई, पाय चालतायत तोवर असंच बोललात ना, मग सुटलात. एवढं सोपं होतं ते.

हाड धरायला दिवाळी उजाडली. अजून थंडीत ठणकतो, आणि चालताना खांदा एकीकडे कलतो. यांनी आणलेली काठी कपाटामागून काढली, पण वापरते मी तो बांबूच. लोखंडाचं हाड होतं तेव्हा मला देवीची गरज होती असं वाटत नाही. आता आहे, आणि त्याचं दुःख नाही. जे परत मिळालं नाही ते मागायचं मी सोडलं, आणि जे आहे त्यासाठी रोज सकाळी उठताना हात जोडते.

पुढच्या चैत्रात वर्गात गोष्ट सांगायची वेळ आली. "तू येऊ नकोस, मीच खाली येते," इथपर्यंत आले आणि मला डोळे पुसावे लागले. मुलांनी बाईंना असं कधी बघितलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हळूच विचारलं, "बाई, मग ती बाई परत गडावर कधीच गेली नाही?"

"नाही," मी म्हणाले. "तिची भेट झाली होती."

आणि बांबू टेकत फळ्याकडे वळले.