रुमाल बांधलेला पाहुणा

कुणी केळ्याचे वेफर्स पुढे केले, की मला अजून ती केस आठवते. नावं सांगणार नाही, माणसं हयात आहेत.

पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरची लाट आली होती. ज्याला त्याला अमेरिका दिसत होती. नागपूरकडची एक मुलगी हडपसरला खोली घेऊन राहायची, तिला तिकडची नोकरी लागली होती. व्हिसा करून देतो म्हणून एका एजंटाने तिचा पासपोर्ट आणि डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं घेतली, आणि ऑफिसला कुलूप लावून पसार झाला. महिनाअखेर कागद दाखवले नाहीत तर नोकरी जाणार. "मॅडम, आमच्या घरातली पहिली डिग्री आहे ही," एवढंच म्हणाली. रडली नाही. न रडणाऱ्या तक्रारदाराचं काम मी नेहमी आधी हातात घेत असे.

चारशेवीसचा गुन्हा नोंदवला. एजंटाची आई कसबा पेठेत राहायची. "मला काही माहीत नाही," यापलीकडे ती बोलेना. मग मी शेजारच्या घरी चहाला बसले. शेजारीणबाई म्हणाल्या, "अहो, मुलगा बेपत्ता कसला? परवाच त्याने पाठवलेले वेफर्स वाटले तिने. खोबरेल तेलात तळलेले! डोक्याला लावायचं ते कुणी पोटात घालतं का?"

वेफर्सची पिशवी त्यांनी धुऊन, घडी घालून ठेवली होती. त्यावर कोचीच्या दुकानाचं नाव.

वरिष्ठांची परवानगी काढून मी आणि आमचे हवालदार कोचीला पोचलो. स्थानिक ठाण्यात नोंद केली, आणि आमची वणवण सुरू झाली. जुनं बंदराचं शहर ते. परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरं, गोदामं, आणि जिकडेतिकडे पाणी. आम्ही आपले पुण्याच्या सवयीने रिक्षा करून एकेक लॉज पालथं घालत होतो. पलीकडचा काठ नाकासमोर दिसायचा आणि रिक्षा भलताच वळसा घ्यायची. हवालदार वैतागले. "मॅडम, समोर दिसतंय तिथं पोचेपर्यंत जेवणाची वेळ होतीय."

तिथले फौजदार हसले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "रिक्षा सोडा. इथे सगळे बोटीने जातात. तुम्ही बोटीवर बसा, गाव आपोआप तुमच्यासमोर येईल."

तसंच केलं. गाड्या वाहून नेणारी मोठी सपाट बोट होती. साध्या कपड्यांत आम्ही तिच्यावरून या काठाचे त्या काठाला फिरू लागलो. एजंटाचा फोटो पर्समध्ये. चेहरे बघून बघून डोळे शिणले. मग एक स्कूटरवाला चढला. नाकापासून हनुवटीपर्यंत रुमाल, मागे गाठ. पुण्यात हे इतकं नेहमीचं, की माझी नजर त्याच्यावरून पुढे गेलीसुद्धा. आणि मग एकदम लक्षात आलं. इथे ना धूर, ना धूळ. अख्ख्या बोटीत दुसऱ्या कुणाचंही तोंड झाकलेलं नाही. रुमाल बांधल्याशिवाय स्कूटर न काढणारा हा माणूस माझ्याच गावचा!

मी मुद्दाम बोट सुटू दिली. काठ लांब गेल्यावर जवळ जाऊन म्हटलं, "अहो, रुमाल काढा आता. इथे स्वारगेटचा धूर येत नाही."

रुमाल खाली आला, तर फोटोतलाच चेहरा. पळणार कुठे? चारी बाजूंनी पाणी.

ठाण्यात मात्र त्याने इंग्रजी झाडायला सुरुवात केली. मराठी येतच नाही म्हणे. मी आवाज चढवला नाही. हवालदारांकडे वळून म्हटलं, "याच्या आईने एवढे कौतुकाने वेफर्स वाटले, शेजारीणबाईंनी ते मांजराला घातले. मांजरानेसुद्धा तोंड फिरवलं."

"त्या बाईला काय कळतंय खाण्यातलं!" तो उसळून म्हणाला. "आणि आईला बजावलं होतं मी, कुणाला वाटू नकोस म्हणून!"

हवालदार पाठ फिरवून हसत राहिले. पुढचा जबाब सरळ झाला. लॉजच्या कपाटात पासपोर्ट आणि प्रमाणपत्रांचा गठ्ठा मिळाला. पंचनामा केला, तिथल्या कोर्टातून ट्रान्झिट रिमांड घेतला आणि त्याला पुण्याला आणलं. कोर्टाचा आदेश काढून मुलीचे कागद मुदतीत तिच्या हातात दिले.

त्या केसनंतर मी एक शिकले. परक्या गावात गेलं की आपली घाई बाजूला ठेवावी आणि तिथली माणसं कशी जातात-येतात ते आधी बघावं. मग जो तसा जात नाही, तो आपोआप दिसतो.

कागद छातीशी धरून ती मुलगी माझ्या पाया पडायला वाकली. मी म्हटलं, "पाया कसली पडतेस? जा, नोकरीवर जा." तिने कागद पिशवीत नीट घातले, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि स्कूटी काढली. मी ठाण्याच्या फाटकात उभी राहून बघत होते. सिग्नलला तशाच तोंड बांधलेल्या मुलींचा घोळका थांबला होता. त्यातली आमची कुठली, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.