हिंमतराव मास्तरांची अडलेली परीक्षा

हिंमतराव मास्तरांना प्रश्न पडायचे, आणि एखादा पडला की तो ना त्यांना स्वस्थ बसू द्यायचा ना आम्हाला. नंदुरबारच्या शाळेत ते इंग्रजी तिसरीला व्याकरण शिकवत. सन छत्तीसच्या सुमारास त्यांच्या डोक्यात किडा शिरला. पोरं घरी अहिराणी बोलतात ती कुठला नियम पाठ करून? मग इंग्रजीचाच नियम आधी का घोकायचा?

हेडमास्तर घोकंपट्टीचे कट्टर भक्त होते. सहामाहीला सिद्ध करून दाखवा, ते म्हणाले. जमलं तर वर्ग तुमच्या मर्जीने चालवा, नाहीतर हा विषय पुन्हा काढू नका.

मास्तरांनी वर्गाचे दोन भाग केले. खिडकीकडच्यांना आधी नियम, मग वाक्यं. दाराकडच्यांना नुसती वाक्यं. नियम ज्याचा त्याने शोधायचा. एका भागाचा तास चालू असला की दुसरा ओसरीत गणितं सोडवायचा. मी दाराकडचा. आम्ही वाक्यं चिवडायचो, चुकायचो, आणि मास्तर मिशीत हसत गप्प बसायचे. मला त्यांचा भारी राग यायचा. पण नियम सापडला की तो आमच्या मालकीचा वाटायचा, हेही खरं.

सहामाही झाली आणि मास्तर चक्रावले. दोन्ही भाग सारखेच निघाले. वर कहर म्हणजे आम्ही दाराकडच्यांनी नियम शब्दन् शब्द लिहिला होता, आणि खिडकीकडच्यांनी आमचीच वाक्यं वापरली होती. वर्गात आम्ही जवळच्या कोरीट गावाहून रोज मिळून पायी येणारी पोरंच जास्त, दोन्ही भागांत. मास्तरांनी आमच्यातल्या हिलालला विचारलं.

हिलाल शांतपणे म्हणाला, "मास्तर, वाटमा त्या आम्हले नियम सांगतस, आम्ही त्यास्ले वाक्यं. सावड शे ती."

पेरणीला आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या, ही आमच्याकडची सावड. मास्तर स्वतः शेतकऱ्याचं पोर, तरी त्यांना हे आधी सुचलं नाही. ते पोट धरून हसले.

हेडमास्तर हसले नाहीत. परीक्षा पुन्हा घ्या, त्यांनी बजावलं, पण या वेळी पोरांनी वाटेत एकमेकांशी बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद द्या.

त्या संध्याकाळी मास्तर ताकीद द्यायला आमच्याबरोबर कोरीटच्या वाटेला लागले. हिलाल नियम म्हणत होता, मागून कुणी वाक्य जोडत होतं, चुकलं की सगळे त्याच्यावर तुटून पडत होते. मास्तर ऐकत चालले. मग त्यांनीच एक वाक्य टाकलं. नाल्यापाशी आले आणि ताकीद न देताच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांना परीक्षा होणार नाही असं कळवलं, आणि त्यानंतर ठरल्याप्रमाणे निवृत्त होईपर्यंत आधी नियमच शिकवला. आम्हाला वाईट वाटलं. ज्या उत्तरासाठी एवढा आटापिटा केला, ते आमच्यापायी त्यांना मिळालं नव्हतं.

पुढे मी शहाद्याला इंग्रजीचा मास्तर झालो. हिंमतराव मास्तरांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला गेलो, तर तब्येतीचं विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारलं, तुला इंग्रजी कशाने आली, नियमाने की वाक्यांनी? फळ्यावरचं काय आणि वाटेवरचं काय, मला खरंच सांगता येईना. तसं मी कबूल केलं.

 मास्तर माझा हात धरून म्हणाले, "आते तू ले ती परीक्षा. फक्त पोरे दोन गावना ले."