फ्रान्सचं नाणं आणि सवतीचा टाक

मुलगी फ्रान्सहून आली ती माझ्यासाठी एक नाणं घेऊन. जुन्या नाण्यांचं माझं वेड घरात सगळ्यांना माहीत आहे आणि फारसं कुणाला आवडत नाही. नाणं शर्टाच्या बटणाएवढं, काळपट. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला किल्ल्यासारखं काहीतरी. सातशे वर्षांपूर्वीचं असावं. तिकडचे राजे लढाया करत, तिजोरी आटली की जुनी नाणी वितळवत आणि चांदी कमी, तांबं जास्त करून पुन्हा तोच छाप मारत. लोकांना ते कळायचं, पण कळून करतात काय? बाजाराला तर जायचंच असतं.

"येवढ्या लांबून आणायचं तर उजळ तरी आणायचं," आई म्हणाली.

आई म्हणजे जिनं मला वाढवलं ती. जन्म देणारी मी पाळण्यात असतानाच गेली. घरात तिला थोरली म्हणतात. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नव्या नवरीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर थोरलीचा टाक आला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची छोटी मूर्ती. पहिली रुसू नये म्हणून दुसरीनं ती गळ्यात घालायची. नवं लुगडं आलं की आई आधी टाकाला लावते, मग नेसते. सणाला पहिला घास त्याच्यापुढे. साठ वर्षं हे चाललंय आणि तिनं कधी कुरकुर केलेली मी ऐकलेली नाही.

यंदा टाकाची कडी तुटली. आई कासावीस झाली, रिकामा गळा चाचपत घरभर फिरत राहिली. मंचरच्या एका सराफाकडे धातू तपासायचं मशीन आलंय असं मी ऐकलं होतं. म्हटलं, टाकही नीट होईल आणि माझं नाणंही बघून होईल. आईला घेऊन जुन्नरहून निघालो आणि हायवेवर कांद्याच्या टेम्पोंमागे रांगत एकदाचे पोचलो.

नाण्याची गोष्ट माझ्याकडून ऐकत सराफानं आधी ते मशीनमध्ये ठेवलं. चांदी थोडी, तांबं भरपूर.

"भाऊ, तुमच्या राजानं लई हात मारलाय," तो म्हणाला. आम्ही तिघंही हसलो. त्या हसण्याच्या भरात मी म्हणालो, टाकही ठेवा.

टाकात चांदी निम्मीच निघाली.

आईचा चेहरा उतरला, आणि मग ती भडकलीच. "निम्मी? ह्यांनी मला फसवलं का तिला?" वडील आज हयात असते तर त्यांची धडगत नव्हती. "साठ वर्सं मी जेवू कुणाला घालत व्हते? ती आली तरी का ह्याच्यात? का न्हाईच आली?"

टाक कशाचा केला होता, मी विचारलं.

"राजाछाप रुपयांचा. तिच्या आईनं तिला लग्नात दिलेले. त्येच आटवले."

मग मला उलगडा झाला. महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारनं रुपयातली चांदी निम्म्यावर आणली होती. तसले रुपये माझ्याच कपाटात आहेत, पण आईच्या गळ्याशी त्यांची सांगड मी कधी घातली नव्हती. मी तिला समजावलं, वडिलांनी काही केलं नाही, सोनारानंही नाही. फ्रान्सच्या राजानं केलं तेच इथं सरकारनं केलं. रुपये थोरलीचेच होते.

आई निवली, पण पुरती नाही.

"आजी, कशाला जीव जाळता?" सराफ म्हणाला. "ह्यो द्या मला, शुद्ध चांदीचा नवा करून देतो. तसंबी ह्याला नाक ऱ्हायलं न्हाई का डोळं. नवा छाप येईल."

मला ते पटलं. तिच्या मनातली टोचणी कायमची जाईल असं वाटलं. आईनं टाक तळहातावर घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

"नगं. कडी तेवढी लावा."

"अगं, आत्ता तूच चांदीवरनं भांडत होतीस ना?"

"त्वांड नवं करून काय करू? हे ह्यानं खाल्लंय." सराफाशी बोलत तिनं माझ्याकडे बोट केलं. "दात येत व्हते तवा लई रडायचा. पाजायला माज्याकडं दूध कुठलं? मांडीवर घेतला की टाक तोंडात धरायचा, आन् चोखत चोखत झोपायचा. रोज. निजवायची ती. मी निस्ती मांडी दिली."

मला हे पटलं नाही. निजवणारी कोण होती ते मला तिथं काउंटरपाशी स्वच्छ दिसत होतं. कडी लागेपर्यंत मी तिचा हात धरून बसलो.